साथीचे दिवस आणि ऑफिसची खिडकी

मैत्रिणींनो, साथ आली म्हटलं की आपलं लक्ष आधी घराकडे जातं. पाणी उकळा, भाज्या धुऊन घ्या, मुलांना गर्दीत पाठवू नका, सासूबाईंना चार दिवस देवळात जाऊ देऊ नका. हे सगळं आपण मनापासून करतो. पण सकाळी साडेनऊला डबा घेऊन घरातून जो माणूस बाहेर पडतो, मग ते आपले 'हे' असोत, नोकरीला लागलेली मुलगी असो, नाहीतर आपण स्वतः असू, तो आठ तास कुठे बसतो, कोणाशेजारी बसतो आणि कसल्या हवेत बसतो, याचा विचार आपल्यापैकी किती जणींनी केला आहे? घराचा उंबरठा आपण कितीही जपला, तरी ऑफिसची हवा रोज संध्याकाळी त्याच उंबरठ्यावरून आत येते.

ही गोष्ट काही आजची नाही. जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएंझाची साथ आली. १० जूनला गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने फणफणले आणि इस्पितळात दाखल झाले. मग पोर्ट ट्रस्ट, तारऑफिस, टांकसाळ, बँक, गिरणी अशा जिथे जिथे माणसं एका छपराखाली काम करतात, तिथे तिथे ती पसरत गेली. पावसाळा संपताना दुसरी लाट आली, ती फार वाईट होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली.

आणि २०२० साल तर आपण सगळ्यांनीच पाहिलं. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले कोविड रुग्ण सापडले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. सगळं बंद झालं असं आपण म्हणतो खरं. पण बँका उघड्या होत्या, वीज आणि पाणीपुरवठ्याची ऑफिसं चालू होती, पोस्टातले लोक कामावर जात होते. त्यांच्या घरच्या बायकांनी ते महिने कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मग आता हा विषय कशाला, असं कोणी विचारेल. उत्तर सोपं आहे. छत्री पावसाळ्याआधी दुरुस्त करून ठेवायची असते.

शिंतोडे आणि ठसका

रोग हवेतून पसरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला पुस्तक उघडायला नको. ओट्यापाशी उभ्या राहा. कढईत तेल तापलं की शिंतोडे उडतात. ते जड असतात, म्हणून ओट्यावर, फार तर आपल्या हातावर पडतात. पण त्याच तेलात सुकी मिरची टाकली की काय होतं? ठसका! तो ओट्यावर थांबतो का? माजघरात पेपर वाचत बसलेले मामंजीही खोकायला लागतात. खिडकी बंद असेल तर तो ठसका बराच वेळ घरात फिरत राहतो आणि खिडकी उघडली की पाच मिनिटांत निघून जातो.

माणूस बोलतो, खोकतो, शिंकतो, तेव्हा अगदी असंच होतं. मोठे थेंब शिंतोड्यांसारखे दोनेक मीटरच्या आत खाली पडतात. पण अतिसूक्ष्म कण ठसक्यासारखे हवेत तरंगत राहतात. भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये जी सूचनापत्रिका काढली, तिच्यात हे सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात असं स्पष्ट म्हटलं होतं आणि खिडक्या-दारं उघडी ठेवण्यावर भर दिला होता. तेव्हा 'आमच्या टेबलांत दोन मीटरचं अंतर आहे' एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. अंतर हवंच, पण हवाही खेळती हवी.

अकराव्या मजल्याची गोष्ट

दक्षिण कोरियाच्या सोल शहरात एक एकोणीस मजली इमारत आहे. तिच्या अकराव्या मजल्यावर एक कॉल सेंटर होतं, म्हणजे दिवसभर टेलिफोनवर ग्राहकांशी बोलण्याचं ऑफिस. मार्च २०२० मध्ये तिथे कोविड शिरला. सरकारी आरोग्य खात्याने लगेच इमारत बंद केली आणि ११४३ जणांची तपासणी केली. ९७ जणांना लागण झालेली निघाली. आता पुढचा आकडा पाहा. या ९७ पैकी ९४ जण एकट्या अकराव्या मजल्यावर काम करणारे होते! त्या मजल्यावर एकूण २१६ माणसं होती. म्हणजे जवळजवळ निम्मा मजला आजारी पडला. त्यातही बहुतेकजण मजल्याच्या एकाच बाजूला, रांगेने लावलेल्या टेबलांवर बसणारे.

गंमत अशी की, लिफ्ट सगळ्यांची एकच होती, खालचं प्रवेशद्वारही एकच. तरी इतर मजल्यांवर रोग जवळपास पसरला नाही. लिफ्टमध्ये माणूस मिनिटभर असतो, शेजारच्या खुर्चीत आठ तास असतो. रोगाला हवा असतो तो वेळ, बंद जागा आणि बोलणारी तोंडं. कॉल सेंटरमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

या तपासातली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. लक्षणं असलेल्या त्या कर्मचाऱ्यांच्या घरच्या माणसांचीही पाहणी झाली. त्यांच्यापैकी सुमारे सोळा टक्के लोकांना लागण झाली होती, म्हणजे घरच्या दर सहा माणसांमागे एकाला.

खिडकी उघडायची कोणी?

आपल्याकडच्या ऑफिसांची तऱ्हा काय असते, ते तुम्ही जाणताच. खिडकीपाशी कपाट, कपाटावर फायलींचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर धूळ. खिडकी गेली कित्येक वर्षं उघडलेलीच नसते. अलीकडच्या नव्या ऑफिसांत तर खिडकीच्या जागी काचेची भिंत असते आणि वर एसी.

एसीबद्दल एक गैरसमज आपल्या मनातून काढून टाकायला हवा. भिंतीवर लावतात तो स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि तीच पुन्हा खोलीत सोडतो. हवा थंड होते, पण स्वच्छ होत नाही. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका उपाहारगृहात असंच घडलं. खिडक्या नसलेल्या त्या जागेत ओळीने तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवायला बसली होती आणि एसीचा झोत त्या तिन्ही टेबलांवरून फिरत होता. त्या तीन कुटुंबांतले मिळून दहाजण आजारी पडले. तिथल्या वाढप्यांना मात्र काही झालं नाही.

मग करायचं काय? समोरासमोरच्या दोन खिडक्या, नाहीतर एक खिडकी आणि एक दार उघडं ठेवायचं, म्हणजे हवा एकीकडून येते आणि दुसरीकडून जाते. एकच खिडकी असेल तर तिच्यापाशी टेबल फॅन बाहेर तोंड करून लावायचा. स्वयंपाकघरात असतो तसा हवा बाहेर फेकणारा पंखा भिंतीत बसवला तर फारच छान, आणि त्याला खर्चही फार येत नाही. एसी लावायचाच असेल तरी खिडकी बोटभर का होईना उघडी ठेवायची. विजेचं बिल थोडं वाढेल, पण दहा माणसांच्या रजेपेक्षा ते स्वस्तच पडेल. हा हिशेब साहेबांना सांगायला लाजू नका. "साहेब, तब्येतीचं" असं मोघम सांगण्यापेक्षा "साहेब, एकदम पाचजण रजेवर गेले तर मार्चअखेरचं काम कोण करणार?" असं विचारलं की खिडकी लवकर उघडते!

डब्याची सुट्टी

सकाळभर सगळे नियम पाळतात आणि दीड वाजला की तोंडावरचा मास्क खाली येतो. सात-आठ जणी एका टेबलाभोवती बसतात. हिची भरली वांगी तिच्या डब्यात, तिचं लोणचं हिच्या पोळीवर, आणि बोलणं तर काही विचारू नका. ऑफिसातल्या बाईच्या दिवसातला हा एक सुखाचा तास, तो मोडा असं कोण कशाला सांगेल? पण साथीच्या दिवसांत रोगाचा तास तो हाच, एवढं लक्षात असू द्या. तोंडं उघडी, माणसं जवळ आणि बोलणं अखंड!

तेव्हा चार गोष्टी ठरवून घ्या. एकदम सगळ्यांनी न जेवता दोन-तीन पाळ्या करा. जेवायला गच्ची, व्हरांडा, आवारातलं झाड, नाहीतर निदान उघड्या खिडकीजवळची जागा निवडा. चमचा आपला आपला. भाजी वाटायचीच असेल तर जेवायला सुरुवात करण्याआधीच कोऱ्या चमच्याने वाढून द्या. आणि गप्पा? त्या जेवण झाल्यावर, मास्क वर करून. जेवताना चार घास मुकाट्याने खाल्ले तर पचनही चांगलं होतं, हे आपल्या आज्ज्या सांगतच आल्या आहेत.

चहाचीही तीच गोष्ट. शिपाईमामा एका ट्रेमधून कप फिरवतात, त्या कपांना साबणाचं पाणी लागतं की नुसतं विसळलं जातं, ते एकदा पाहून या. आपला पेला घरून नेला तर प्रश्नच मिटला.

मास्क नाकावर, साबण हातावर

मास्क हनुवटीवर लटकवून काही उपयोग नाही, हे सांगून सांगून सगळे थकले. नाक आणि तोंड दोन्ही झाकलं पाहिजे आणि गालाजवळ फट राहता कामा नये. गर्दीची लोकल, एस.टी., बंद खोलीतली मीटिंग अशा ठिकाणी एन-९५ मास्क सर्वांत चांगला. तो धुवायचा नाही. धुतला की त्याची गाळण्याची ताकद जाते. दोन-तीन मास्क आलटून पालटून वापरावेत आणि वापरलेला मास्क प्लॅस्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत कोरडा होऊ द्यावा. कापडी मास्क तीन पदरी शिवलेला असावा, रोज साबणाच्या गरम पाण्यात धुवावा आणि कडक उन्हात वाळवावा. ज्याचा मास्क त्याने धुवावा, हेही जाता जाता घरात सांगून टाका!

हात साबणाने वीस सेकंद चोळून धुवावेत. विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. तुपाची वाटी जशी साबणाने स्वच्छ होते, तसं ते आवरण साबणाने फुटतं. साबण नसेल तिथे सॅनिटायझर, पण त्यात निदान साठ टक्के अल्कोहोल असावं. आणि एक धोक्याची सूचना: सॅनिटायझर पेट घेतं. हाताला लावून लगेच गॅसजवळ जाऊ नका. तो पूर्ण वाळू द्या. घरी असताना स्वयंपाकाआधी साबणच बरा.

मात्र एक सांगते. कोविडच्या काळात आपण फायली पुसल्या, नोटांना इस्त्री केली, दुधाच्या पिशव्या धुतल्या. पुढे अभ्यासातून दिसून आलं की वस्तूंना हात लावून ही लागण होण्याचा धोका फार थोडा असतो. खरा धोका हवेचा. काही ऑफिसांच्या दारात तर माणसांवर औषध फवारायचे बोगदे उभे राहिले होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं, की माणसांवर असं फवारू नका, त्याने फायदा नाही आणि अपाय होऊ शकतो. फवाऱ्याचा खर्च वाचवून दोन पंखे बसवले असते तर जास्त उपयोग झाला असता.

"साधी सर्दीच आहे"

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. घसा खवखवतो आहे, अंग मोडून आलं आहे, तरी माणूस ऑफिसला जातो. का जातो? पुरुषांना वाटतं, एवढ्याशा तापाने घरी बसलो तर लोक काय म्हणतील. बायकांचं तर विचारूच नका. मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, नणंदेचं बाळंतपण यात रजा आधीच संपलेली असते. स्वतःच्या तापासाठी तिच्या खात्यात एक दिवसही शिल्लक नसतो. मग ती क्रोसिन घेते, ताप उतरवते आणि मस्टरवर सही करायला हजर होते.

यात तिला दोष देऊन काय होणार? रजा मागायची भीती वाटते, तिथे रोग लपवला जातो. आणि जिथे लपवला जातो, तिथे तो पसरतो. म्हणून माझं सांगणं असं, की ऑफिसात साथीचे नियम ठरतील तेव्हा सॅनिटायझरच्या बाटल्यांआधी रजेचा विषय काढा. ताप आला तर पगार न कापता घरी राहता येईल का? चाचणीचा निकाल येईपर्यंत घरून काम चालेल का? डॉक्टरची चिठ्ठी पहिल्याच दिवशी हवी, की नंतर दिली तरी चालेल?

आपले हक्कही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, तो ज्या आस्थापनांना लागू आहे तिथल्या कामगारांना, वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजेची तरतूद आहे. ज्यांचा पैसा कर्मचारी राज्य विमा योजनेत कापला जातो, त्यांना ठरावीक हप्ते भरलेले असल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतन मिळण्याची सोय आहे. पगाराच्या पावतीवर ती कपात आहे का, ते आजच पाहा. आजारपणात शोधाशोध करायला अंगात त्राण नसतं.

आणि ऑफिसात सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन केर काढणाऱ्या मावशींना विसरू नका. त्या ठेकेदाराच्या माणूस. एक दिवस आल्या नाहीत तर त्या दिवसाचा पैसा नाही. त्यांना मास्क कोण देतं? त्यांना ताप आला तर त्या काय करतात? सगळ्या खोल्यांतून फिरणारी ती एकटीच बाई. तिला रजा आणि मास्क देणं ही दया नव्हे, आपल्या सगळ्यांच्या जिवाची काळजी आहे.

लस आणि नाजूक प्रकृतीची माणसं

१६ जानेवारी २०२१ ला आपल्या देशात कोविडचं लसीकरण सुरू झालं आणि एप्रिल २०२१ पासून मोठ्या ऑफिसांत जागेवरच लस देण्याची परवानगी मिळाली. जिथे अशी सोय झाली, तिथे रजा न काढता लोकांनी लस घेतली. पुढे कधी अशी वेळ आली, तर 'इथेच लस मिळेल का?' हा प्रश्न विचारणारी पहिली बाई तुम्ही व्हा.

मधुमेही, दम्याचे रुग्ण, साठीला आलेले सहकारी आणि गर्भवती यांना साथीच्या दिवसांत गर्दीच्या काउंटरवर बसवू नये. चार महिने काउंटर दुसऱ्या कोणी सांभाळला तर काही बिघडत नाही. काढा, हळदीचं दूध खुशाल घ्या, घशाला बरं वाटतं. पण काढा प्यायला म्हणून मास्क काढून ठेवू नका. काढा काही बंद खोलीतली हवा बदलत नाही.

घरी आल्यावर

संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला दारातच आरोपीसारखं उभं करू नका. चपला बाहेर, हात-तोंड साबणाने धुणं, कपडे बदलणं, एवढं पुरे. घरात कोणाला ताप आलाच, तर त्याला खिडकी असलेली वेगळी खोली द्या, शुश्रूषा एकाच माणसाने करावी आणि खोलीत जाताना दोघांनीही मास्क लावावा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात असावं. आकडा ९४ च्या खाली गेला, धाप लागली, छातीत दुखलं किंवा माणूस भ्रमल्यासारखं बोलू लागला, तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावं.

ती शुश्रूषा करणारी 'एकच माणूस' दर वेळी घरची बाईच असली पाहिजे असा काही नियम नाही. दिवसभर ऑफिस करून रात्री उशाशी बसणारीलाही झोप लागते, तिलाही ताप येतो. आजारी जाऊबाई असली तर दिरांना पेज करता आली पाहिजे. आतापासूनच शिकवून ठेवा. पेजेला काही मोठी कला लागत नाही.

उद्या सकाळी एवढं पाहा

उद्या ऑफिसला गेलात की, नाहीतर 'ह्यां'ना डबा देताना त्यांच्या मागे लागून, या पाच गोष्टींची चौकशी करा. आपल्या खोलीतली कोणती खिडकी उघडते? आपल्या दोन्ही बाजूंना किती अंतरावर कोण बसतं? डबा खायला मोकळी जागा कुठे आहे? बेसिनपाशी साबण आहे का? आणि ताप आला तर रजा कोणाकडे, कशी मागायची? पाचांपैकी तीन उत्तरं जरी मिळाली नाहीत, तरी घाबरू नका. चारचौघी मिळून एक अर्ज लिहा आणि साहेबांच्या टेबलावर ठेवा. साथ नसताना लिहिलेला अर्ज शांतपणे वाचला जातो. आणि अर्जाचं उत्तर येईपर्यंत, ते खिडकीपाशचं कपाट तेवढं दोघा-तिघांनी मिळून बाजूला सरकवायला काय हरकत आहे?